आशालताच्या बोटातली अंगठी

मित्रांनो, मी साखरपुड्याची एक जुनी हिऱ्याची अंगठी आहे. आज माझी दोन टोकं उघडी पडली आहेत. तशी मी का झाले, ते सांगते.

मला पौडच्या गेणबा सोनारांनी घडवलं. तार ओढून, फुंकणीच्या जाळावर डाग देऊन त्यांनी माझं कडं केलं. सोन्याच्या आठ बारीक कळ्या एकेक उचलून त्यांत हिरा धरला. हिऱ्यात केसाएवढी रेघ होती, म्हणून त्याला जपून आच दिली. आतल्या बाजूला, जिथे फक्त बोट टेकतं, तिथे त्यांनी वेल कोरली. त्यांचा पुतण्या सोमनाथ म्हणाला, "काका, ही कुनाला दिसनार?"

"घालनारीला ठावं असलं म्हंजे झालं," गेणबा म्हणाले.

पण ज्या साखरपुड्यासाठी मी घडले, तो मोडला. मोडलेल्या सोयरिकीची अंगठी कोण घेणार? कैक वर्षं मी डबीत पडून राहिले. मग धरणावर नोकरीला असलेले शरदचंद्र आपल्या नवरीला घेऊन आले. माझी हकिगत ऐकून त्यांनी डबी मिटली. आशालतानं ती पुन्हा उघडली. "यात हिचा काय दोष?" म्हणाली आणि मला बोटात घातलं.

पन्नास वर्षं मी त्या बोटात होते. तांदूळ धुताना, लेकाला, निषादला न्हाऊ घालताना, भूगावच्या नव्या फ्लॅटचं कुलूप उघडताना. माझ्या वेलीचा ठसा तिच्या कातडीवर उमटला होता. तो ती कधीकधी शरदचंद्रांना दाखवायची आणि दोघं हसायची.

मागच्या वर्षी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. हात सुजले. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, मी हलेना. बोट काळं पडू लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अंगठी कापावी लागेल." बारीक चाक फिरलं आणि वेलीच्या मधोमध मी तुटले.

"जोडून आणाल ना?" आशालतानं विचारलं.

"आणतो की," शरदचंद्र म्हणाले.

ते मला रुमालात बांधून दुकानं फिरले. भूगावच्या एका दुकानात जुईली नावाच्या मुलीनं मला भिंगाखाली धरलं. "आजोबा, जोडायला जाळ लावला तर हिरा तडकेल. असं काम करणारे आता कुठे राहिलेत? मोडीत द्या, नवी घ्या." ती वाईट नव्हती. खरं तेच बोलली.

शेवटी ते सोमनाथला शोधत मुळशीला गेले. सोमनाथ ऐंशीच्या पुढचा, डोळे गेलेले. त्यानं मला तळहातावर घेतलं, आतून नख फिरवलं आणि वेल तुटली होती तिथे थांबवलं.

"काकाची येल हाय ही," तो म्हणाला. "जोड बसला असता. पन जाळ कुटं थांबवायचा, ते बघाया डोळं लागत्यात. लई उशीर केला तुमी."

"तुम्ही कुणाला शिकवलं नाही?"

"पोरं रिसॉर्टवर कामाला हायेत. कुनी इचारलंच न्हाई. मीबी बोलावलं न्हाई."

घरी आल्यावर शरदचंद्रांना खोटं बोलवेना. आशालतानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला मुठीत घेतलं. "राहू दे. तुम्ही फिरलात एवढं," ती म्हणाली. तिच्या मुठीत मी पहिल्यांदाच नुसती पडून होते. चार दिवसांनी ती मूठ सैल झाली. मी चादरीवर घरंगळले.

काल निषाद म्हणाला, "बाबा, ही मोडीत देऊन तुमच्या नातीसाठी, ज्ञानदासाठी काहीतरी करून घेऊ. आईला आवडलं असतं." शरदचंद्रांनी मला रुमालातून काढून त्याच्या हातावर ठेवलं. नाही म्हणावं, तर मला जोडायचा दुसरा उपाय त्यांच्याकडे नव्हता.

मित्रांनो, उद्या सकाळी मला मुशीत टाकतील. सोनं उरेल, हिराही उरेल कदाचित. वेल उरणार नाही. माझ्यासाठी आता काही करू नका, करण्यासारखं काही नाही. पण तुमच्या गावात हातानं काही घडवणारं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते काम कसं करायचं, विचारा. त्याला दिसतंय तोवर विचारा.