एकदाच ऐकायचं

मी बोलतोय, आणि याचं मला स्वतःलाच नवल वाटतंय. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं बोललो. स्वतःचं सांगायची ही पहिलीच वेळ.

मी एक टेपरेकॉर्डर. काळा, चपटा, पाच बटणांचा. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर बायकांनी मला जोडलं. एकीने मोटर बसवली, दुसरीने बेल्ट चढवला, तिसरीने कान लावून "चालतोय" म्हटलं आणि मला खोक्यात घातलं.

दुकानातून मला आप्पांनी घरी आणलं. आप्पा छापखान्यात जुळारी होते. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी जुळवायचं काम. तीस वर्षं त्यांनी इंग्रजी पत्रकं आणि नोटिसा जुळवल्या, पण त्या भाषेतलं एक वाक्य त्यांना धड कळत नव्हतं. "पोस्टमन कुठे पत्रं वाचतो? तसंच माझं," असं ते हसत म्हणायचे.

घरात दोघंच, आप्पा आणि त्यांची लेक. लेक नर्स होती. भाजलेल्या लहान मुलांच्या वॉर्डात काम करायची. अशा मुलांची कातडी नव्याने कशी जगवतात, ते शिकायला तिला परदेशातल्या मोठ्या इस्पितळात जायचं होतं. आडवी आली ती इंग्रजीची परीक्षा. एक पेपर ऐकून उत्तरं लिहायचा, दुसरा उतारे वाचून.

दुपारी ड्यूटीवरून आली की ती हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायची. माझ्या पोटातल्या कॅसेटमधली बाई भरभर बोलायची, कुणाचा पत्ता, कुठली वेळ. लेक बटण दाबून मागे न्यायची, पुन्हा ऐकायची, पुन्हा मागे. एकेक वाक्य सात-सात वेळा. माझी मोटर तापायची.

पहिल्या खेपेला ती नापास झाली.

"तिथे एकदाच ऐकवतात हो, आप्पा," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझं पहिलं उत्तर लिहून होईतो ती बया तिसऱ्यावर पोचलेली असते."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मागे नेण्याच्या बटणावर त्यांनी आपला आडवा तळवा ठेवला. "एकदाच ऐकायचं. सुटलं ते सुटलं. पुढचं धर."

"एकदा फक्त, आप्पा!"

"हात काढणार नाही."

उताऱ्यांच्या वेळी तर त्यांना चेवच यायचा. अर्थ कळत नसला तरी अक्षर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "हा 'नॉट' बघ, ओळीच्या शेवटी दडून बसलाय. एका कारखान्याच्या नोटिशीत माझ्या हातून हाच सुटला होता. 'उद्या सुट्टी नाही'ची झाली सुट्टी! सगळे कामगार घरी, आणि मालक एकटा फाटकात उभा." लेक पोट धरधरून हसली, पण त्यानंतर तो शब्द तिने कधी निसटू दिला नाही.

परीक्षेला आठवडा उरला असताना मध्येच तिने पेन्सिल खाली ठेवली. "आप्पा, मी पास झाले तर तुमचं कसं होणार?"

"माझं मी बघीन. तू बारावा प्रश्न बघ."

त्यांचा तळवा बटणावरच होता. दुसऱ्या हाताने त्यांनी माझं चालू करायचं बटण दाबलं.

ती पास झाली. निकालाचा कागद तिने दोनदा वाचून दाखवला. आप्पा "शाब्बास, पोरी" म्हणाले आणि मी स्वच्छच असताना मला फडक्याने बराच वेळ पुसत राहिले.

ती गेल्यावर घर अगदी गप्प झालं. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. एकदा तिने कौतुकाने आपल्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरच्या हातात फोन दिला. आप्पा प्रत्येक वाक्याला "यस, यस" म्हणत गेले. मग लेक फोनवर आली ती घाबरूनच. "आप्पा, काय झालंय तुम्हाला? ती विचारत होती, आजारी आहात का, आणि तुम्ही म्हणालात यस!"

त्या दिवशी आप्पांनी लेकीच्या अभ्यासाची पहिली कॅसेट शोधून माझ्या पोटात घातली. पेन्सिलीला टोक केलं आणि लेकीच्या जागी बसले.

शेजारचा औषधवाला डोकावला. "आप्पा, या वयात परीक्षेला बसताय की काय?"

"बसलोच आहे. तू गडबड करू नकोस."

सुरुवातीला दहातली दोन उत्तरं बरोबर यायची. वर्षभराने सहा. एका रविवारी फोन वाजला. पलीकडे लेक नव्हती, तीच मोठी सिस्टर होती. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग एकेक शब्द जुळवत इंग्रजीत म्हणाले, "ती ऑपरेशनच्या ड्यूटीवर आहे. संध्याकाळी फोन करेल. मी काळजी करत नाही. आभारी आहे, सिस्टर."

रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे वळले. "एकदाच बोलली रे ती. आणि मला कळलं!" म्हातारा माणूस एकटाच खोलीत टाळ्या वाजवत होता.

पुढे लेक येऊन त्यांना घेऊन गेली. सामानात माझ्यापुरतं वजन शिल्लक नव्हतं. निघताना आप्पांनी मला औषधवाल्याकडे सोपवलं. तेव्हापासून मी त्याच्या दुकानात, मागच्या फळीवर, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी आहे. माझा बेल्ट सैल पडलाय. कॅसेट लावली तर तरुण बाईचा आवाज आजोबांसारखा येतो. औषधवाल्याची सून आता मोबाइलवर त्याच परीक्षेचा अभ्यास करते, कानात बोंडं घालून. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मोबाइलचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

फक्त तिच्याजवळची खुर्ची रिकामी असते, ते बघवत नाही. तुमच्या घरी कुणी असं शिकत असेल, तर घटकाभर जाऊन बसा. तुम्हाला काही येत नसलं तरी चालेल.