पुलाच्या खोलीतली बाटली

मी एक केसांच्या गोळ्यांची बाटली. तपकिरी काचेची, सोनेरी झाकणाची. माझ्या अंगावर लिहिलंय, 'दाट केस, उजळ त्वचा, नवी उमेद.' त्यावर माझाही विश्वास होता.

येल्त्येच्या वाढदिवसाला तिची थोरली बहीण वीत्स्के मला घेऊन आली. माझ्याभोवती सूचनांचं पत्रक होतं. त्यावर गुलाबी फीत नीट बसेना, म्हणून तिने ते फाडून टाकलं. "घे गं, निम्मे केस कंगव्यातच राहतात तुझे!" येल्त्ये लाजली. केसांचे लाड करणाऱ्या बाईला त्या गावात सगळे हसतात. म्हणून मला घरात नाही, तर पुलाच्या खोलीत, दुर्बिणीमागे जागा मिळाली.

येल्त्ये कालव्यावरचा पूल सांभाळायची. होडी आली की पूल उचलायचा, गेली की खाली घ्यायचा. वीस वर्षांत एकही होडी खोळंबली नव्हती. पण त्या वर्षी ती जुलैतही लोकरी मोजे घालून बसायची. आवाज घोगरा झालेला, चेहरा सुजलेला. खुर्चीतच डोळा लागायचा आणि बाहेर होडीवाले ओरडायचे, "अहो बाई, पूल उचलताय, की होडी डोक्यावर घेऊन जाऊ?"

रोज सकाळी कॉफीबरोबर ती माझ्यातली एक गोळी घ्यायची. "तूच काहीतरी कर गं," असं पुटपुटायची. मला धन्य वाटायचं.

डॉक्टरांना थायरॉइडची शंका आली. "काही औषधं घेता?" त्यांनी विचारलं. "छे, एकही नाही." केसांची गोळी म्हणजे औषध थोडंच! रक्ताचा अहवाल आला, सगळं ठीक.

दुसऱ्याच दिवशी वीत्स्के पुलावर आली. येल्त्येचे साहेब फोप्पे तिथेच होते. वीत्स्के त्यांना म्हणाली, "साहेब, बहीण म्हणून सांगते, थायरॉइडबियरॉइड काही नाही हिला. आळस आहे. जरा धाक दाखवा." येल्त्ये समोरच उभी होती. 

फोप्पे म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत आजारी असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी आणा, येल्त्येबाई. नाहीतर पुलाच्या किल्ल्या परत करा."

लक्षणं काही कमी होईनात, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. गावच्या सभागृहात पडदा लावून रक्त घेत. वीत्स्केच तिला गाडीतून घेऊन आली आणि पडद्याबाहेर बसली. सकाळची गोळी राहिली होती, म्हणून मी येल्त्येच्या पिशवीत होते.

रक्त घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "औषधांचं नाही विचारत मी. जीवनसत्त्वं? केसांसाठी, नखांसाठी काही?"

येल्त्येने लाजत पिशवी उघडली. मग तिने मला काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी माझ्या अंगावरची बारीक अक्षरं वाचली.

"अहो, यात बायोटिन हे जीवनसत्त्व आहे, तेही भरपूर! त्याने तपासणीचं यंत्र चकतं, थायरॉइडचे आकडे खोटे येतात. सूचनांच्या पत्रकात लिहिलेलं असतं की! आज रक्त नको. डॉक्टरांना मी कळवते. हे बंद करा आणि आठवड्याने या."

पडद्याआडून आवाज आला, "केसांची गोळी आहे हो ती, विष नाही!"

"ताई, तू गप्प बस," येल्त्ये म्हणाली. इतकं मोठ्याने ती कधी बोलली नव्हती.

आठवड्याने खरे आकडे आले. तिचं थायरॉइड फारच मंदावलं होतं. चिठ्ठी वेळेत पोचली, किल्ल्या तिच्याकडेच राहिल्या. आता ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर छोटी पांढरी गोळी घेते.

वीत्स्के केक घेऊन आली. "मी प्रेमानेच दिली होती ना गं बाटली?"

"हो ताई. आणि साहेबांना सांगितलंस, तेही प्रेमानेच?"

केक कुणीच कापला नाही.

मी अजून दुर्बिणीमागेच आहे, अर्धी भरलेली. येल्त्ये मला फेकत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही. माझ्या अंगावरच्या अक्षरांनी मलाही फसवलं, हे तिला सांगावंसं वाटतं. पण ती ज्या खोट्या अहवालावरून आळशी ठरली, तो माझ्यामुळेच आला होता. रक्त द्यायला जाल तेव्हा आमचंही नाव सांगा. विचारलं नाही तरी सांगा, लाज वाटली तरी सांगा. आम्हाला स्वतःहून बोलता येत नाही.