व्याह्यांकडची अंघोळ

चष्मेवाल्यांना डॉक्टरांनी दिवसभर पाणी पीत राहायला सांगितलं होतं, आणि चष्मेवाले डॉक्टरांचा शब्द खाली पडू देणाऱ्यांतले नव्हते. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ते मधूनच वळून घोटभर पाणी पीत. दुखणं होतं मुतखड्याचं. पण घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. लेकीने त्याचं 'स्टोन' असं नाव ठेवलं होतं. "बाबांना स्टोन झालाय," असं ती चारचौघांत सांगे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्यावर चष्मेवाल्यांना अगदी मनापासून विचारलं होतं, की कुठल्या बोटात घालणार म्हणून.

लेक एका कंपनीत फोनवर अमेरिकेतल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. शेजारच्या खुर्चीवर बसून तीच गाऱ्हाणी ऐकणारा एक मुलगा तिला आवडला होता, त्यालाही ती आवडली होती, म्हणजे आता उरलं होतं फक्त आईबापांनी एकमेकांना बघणं. त्या रविवारी दुपारी चष्मेवाले, त्यांची बायको आणि लेक असे तिघं बसने मुलाच्या घरी निघाले. पाण्याची बाटली चष्मेवाल्यांच्या मांडीवर होती.

"बाबा, एक सांगायचंय," लेक म्हणाली. "तिथे तुम्हाला जावं लागलं, तर संडास म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

तिने आवाज खाली आणून सगळं समजावून सांगितलं. मुलाची आत्या जन्मभर विलायतेतल्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या मते 'टॉयलेट' म्हणणारा माणूस आपली पायरी तिथल्या तिथे उघडी पाडतो. बऱ्या घरची माणसं 'लू' म्हणतात. मुलाची आई शाळेत इंग्रजी शिकवायची, ती 'लॅव्हेटरी' म्हणते. वडील जहाजावर इंजिन सांभाळायचे, ते 'हेड' म्हणतात. आणि मुलगा दिवसभर अमेरिकनांशी बोलून बोलून 'रेस्टरूम' म्हणायला लागलाय.

चष्मेवाल्यांनी हे सगळं मन लावून ऐकलं. 'लू' त्यांना उवा-लिखांच्या भावकीतला वाटला. 'हेड' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेचे हेडमास्तर उभे राहिले, आणि तिकडे जायचं म्हटल्यावर आलेलीसुद्धा परत जाईल असं वाटलं. 'रेस्टरूम'बद्दल बायकोने शंका काढली, की तिथे आराम कसला करायचा. मग तिनेच उत्तर दिलं, की बद्धकोष्ठवाले करत असतील.

"तुम्ही आपलं वॉशरूम म्हणा," लेकीने निकाल दिला. "ते कुठेही खपतं."

"बाथरूम म्हणा हो," बायको म्हणाली. "अख्खं जग म्हणतं."

लहानपणी वर्गात करंगळी वर केली की काम भागायचं. त्या एका बोटाच्या जागी एवढे शब्द कधी येऊन बसले, हे चष्मेवाल्यांना कळलंच नव्हतं.

मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मोठी बैठकीची खोली, कोपऱ्यात माशांची काचेची पेटी, आणि आतल्या बाजूला एक बोळ. त्या बोळात एकसारखी पांढरी, बंद दारं होती. चष्मेवाल्यांना नेमकं माशांच्या पेटीशेजारी बसवलं. पेटीत हवा सोडणारी नळी त्यांच्या कानाशी अखंड बुडबुडत होती. आल्या आल्या पाणी आलं, ते त्यांनी प्यायलं. लिंबाचं सरबत आलं, तेही प्यायलं, कारण विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने केलं होतं. वर चहा झाला. मुलाच्या वडिलांना घरात सगळे चीफ म्हणत. जन्मभर इंजिनाच्या घरघरीत काढल्याने त्यांना जरा कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे ते सगळ्यांशी दोन जहाजांमधलं अंतर असल्यासारखे ओरडून बोलायचे. त्यांनी वादळाची गोष्ट काढली. लाटा कशा डेकवर चढत होत्या, कुठून कुठून पाणी आत येत होतं, पंप कसे कमी पडत होते, हे ते हाताने दाखवून सांगत होते.

चष्मेवाल्यांचे पंप तर केव्हाच कमी पडायला लागले होते. मन दुसरीकडे लावावं म्हणून ते आत्याबाईंच्या चष्म्याकडे बघत राहिले. डावी काडी सैल होती. एरवी त्यांनी एव्हाना खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला असता. पण वाकायचं म्हणजे पोटावर दाब येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती, आणि इथे सोडायची तर बातच नव्हती.

वादळ शमल्यावर ते चीफच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "जरा वॉशरूम..."

"काय?"

"वॉश," चष्मेवाले म्हणाले. उरलेला शब्द लाजेने आतच राहिला.

चीफ उठले. त्यांनी पाहुण्यांना बाल्कनीत नेलं, तिथल्या बेसिनचा नळ सोडला आणि हातावर एक खरखरीत साबण ठेवला. इंजिनातलं वंगणसुद्धा या साबणाने निघतं, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते शेजारी उभं राहून करून दाखवलं. नळ ते बोलत होते तोवर वाहतच होता. चष्मेवाल्यांनी दात आवळून हात धुतले, पुसले आणि परत येऊन बुडबुड्यांशेजारी बसले.

आता लेकीला विचारावं तर ती आत्याबाईंच्या आणि विहीणबाईंच्या मधे अवघडून बसलेली. तिचाही या घरात पहिलाच दिवस, तिला तरी काय ठाऊक असणार. शेवटी त्यांनी होणाऱ्या जावयाची नजर पकडली आणि गुडघ्याआड करंगळी वर केली. जावई जरा गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला, तो पुढे वाकला आणि त्यांना दिलासा देत म्हणाला, की अंगठीचं माप त्याने आधीच देऊन ठेवलंय, त्यांनी काळजी करू नये. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. चष्मेवाल्यांना वाटलं, डॉक्टर असता तर निदान कळलं तरी असतं.

त्यांचा रंग उतरलेला पहिल्यांदा टिपला तो आत्याबाईंनी. त्या उठून जवळ आल्या, कपाळाला हात लावला, मनगट धरून नाडी बघितली.

"घाम किती आलाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "उन्हाचा त्रास झालाय. काय होतंय?"

सगळे बघत होते. चष्मेवाल्यांनी बायकोचा शब्द पुढे केला. "जरा बाथरूमला..."

"अगदी बरोबर," आत्याबाई म्हणाल्या. "हाच उपाय."

त्यांनी बोळातल्या कपाटातून मऊ टॉवेल काढून चष्मेवाल्यांच्या खांद्यावर टाकला, एक दार उघडून त्यांना आत ढकललं आणि बाहेरून ओढून घेतलं.

आत पांढराशुभ्र टब होता. बेसिन होतं, आरसा होता, मळक्या कपड्यांची टोपली होती, पायपुसणं होतं. हवं होतं तेवढंच नव्हतं. विलायतेहून आलेल्या आत्याबाईंच्या लेखी बाथरूम म्हणजे बाथची रूम, आणि दुसऱ्या कामाची रूम वेगळी. चष्मेवाल्यांनी टोपलीमागेसुद्धा वाकून पाहिलं.

मग त्यांची नजर टबाच्या तळाशी असलेल्या जाळीवर गेली. कोणाला कळणार होतं? पण आत्याबाई दाराबाहेरच उभ्या होत्या. डावीकडच्या नळाला गरम पाणी येतं, असं त्यांनी सांगितलं आणि अशा वेळी माणसाला घेरी येते, म्हणून मी इथेच थांबते, तुम्ही मधून मधून आवाज देत राहा, असंही सांगितलं. आणि आत्याबाई नसत्या तरीही चष्मेवाल्यांचं मन झालं नसतं. ज्या घरात आपली पोर नांदायची, तिथल्या टबात पहिल्याच दिवशी बापाने असलं काही करून ठेवायचं? मग ती रोज त्याच टबात उभी राहणार. नाही, ते काही खरं नव्हतं.

अंघोळ न करता बाहेर पडावं, तर एवढ्या मायेने दिलेल्या उपायाचा अपमान. तेव्हा चष्मेवाल्यांनी सदरा खुंटीला लावला आणि व्याह्यांच्या घरी भर दुपारी अंघोळ केली. नळाची धार टबावर पडत होती आणि तिचा आवाज थेट त्यांच्या पोटात जात होता. इतक्या घाईची अंघोळ इतक्या जपून कोणी केली नसेल. मधून मधून ते "आहे, आहे," असा आवाज देत होते.

ओले केस चापून बसवून, टॉवेल खांद्यावर घेऊन ते बैठकीच्या खोलीत आले, तेव्हा बायकोने हातातली बशी खाली ठेवली. लेकीने डोळे मिटून घेतले. लग्न ठरवायला आलेला माणूस मधेच उठून अंघोळ करून येतो, यावर काय बोलायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. विहीणबाईंनी शाळेतल्या सवयीने प्रसंग सावरला. आता बरं वाटतंय का, असं त्यांनी हसून विचारलं.

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "मला संडासला जायचंय."

बुडबुडे तेवढे बोलत होते.

"मग हेड म्हणायचं ना आधी," चीफ गरजले. "उगाच वॉश वॉश करत बसलात."

"हेड काय हेड," विहीणबाई म्हणाल्या. "हे घर आहे की गलबत? लॅव्हेटरी म्हटलं की कोणालाही समजतं."

आत्याबाईंना ते पटलं नाही. समजायचंच म्हणाल तर तिकडे कोणालाच कोणाचं समजत नव्हतं, असं त्या म्हणाल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या वॉर्डात उत्तरेकडचा एक खाणकामगार होता. तो सारखा "नेटी, नेटी" म्हणून विव्हळायचा. आत्याबाईंना वाटलं, म्हातारा बायकोची आठवण काढतोय. त्यांनी इस्पितळभर नेटीबाईंचा शोध घेतला, घरी निरोप पाठवायची तयारी केली, आणि तोवर चादर बदलायची वेळ आली. त्याच्या गावाकडे नेटी म्हणजे तेच. पलीकडच्या बायकांच्या वॉर्डातली मोठ्या घरची बाई 'लू' म्हणायची, आणि तिला भेटायला येणारा तिचा ड्रायव्हर 'टॉयलेट'. तेव्हापासून आपण 'लू'च धरून ठेवला, असं आत्याबाईंनी सांगितलं. चीफ म्हणाले, ऑस्ट्रेलियाच्या बंदरात 'लू'बरोबर 'डनी' पण चालतं. जावयाने अमेरिकेची बाजू मांडली, तिकडे काही जण 'जॉन'कडे जातात म्हणाला. जॉन कोण, यावर मायलेकांची जुंपली. हे भांडण या घरात नवं नसावं, कारण प्रत्येकाला पुढच्याचं वाक्य आधीच पाठ होतं.

चष्मेवाले खोलीच्या मधोमध एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे होते. त्यांच्यासाठी चाललेल्या भांडणात त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

तेवढ्यात लेक उठली. तिने बापाचा हात धरला आणि कोणाला काही न विचारता त्यांना बोळात नेलं. पहिलं दार उघडलं, त्यात बॅगा होत्या. दुसऱ्यात इस्त्रीचं टेबल. तिसरं उघडलं आणि तिने एक मोठा श्वास सोडला.

"हे घ्या," ती म्हणाली. "आणि बाबा, लवकर या."

त्या मिनिटाचं वर्णन करायची गरज नाही. ज्याने असं कधी धरून ठेवलंय त्याला ते ठाऊक आहे. चष्मेवाले बाहेर आले तेव्हा त्यांना जग जरा जास्तच स्पष्ट दिसत होतं, नवा नंबर लागल्यासारखं. दाराबाहेर लेक पाय आवळून उभी होती. ती त्यांच्या बाजूने सुर्रकन आत गेली आणि कडी लागली.

चष्मेवाले बंद दाराकडे बघत राहिले. पोर सकाळपासून गेली नव्हती. आल्यापासून तिनेही विचारलं नव्हतं. बापाला शब्द शिकवणाऱ्या पोरीलाच या माणसांपुढे कुठला शब्द काढावा ते कळलं नव्हतं. आपण निदान तीनदा प्रयत्न केला, असं त्यांच्या मनात आलं आणि तिची फार दया आली.

"सरका जरा," मागून आवाज आला. बायको पदर खोचून रांगेत उभी होती. तिलाही बसमधून उतरल्यापासूनच जायचं होतं.

पाहुणे कुठे गेले ते बघायला विहीणबाई बोळाच्या तोंडाशी आल्या. ओल्या केसांचे व्याही, त्यांच्यामागे त्यांची बायको, आणि आतून पाण्याचा आवाज. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग त्या तिथल्या बूट घालायच्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"लग्न होऊन आले तेव्हा," त्या हसू आवरत म्हणाल्या, "मी संध्याकाळपर्यंत कोणाला विचारलं नव्हतं. सासरे काहीतरी वेगळंच म्हणायचे, वन्सं काहीतरी वेगळंच. मला वाटलं, चुकीचं बोलले तर अडाणी म्हणतील. आणि मी तर इंग्रजीच शिकवत होते."

लेक बाहेर आली, तिने हे शेवटचं ऐकलं. विहीणबाईंनी तिला जवळ ओढून स्टुलावर अर्धी जागा दिली. दोघी नुसत्या हसत बसल्या. बैठकीच्या खोलीत चीफ आणि आत्याबाई अजून ऑस्ट्रेलियातच होते.

नंतरची बोलणी सोपी झाली. सगळ्यांचं सगळं एकमेकांना आधीच कळून चुकल्यावर झाकायचं फारसं उरलं नव्हतं. साखरपुड्याचा महिना ठरला, कोणाकडे किती माणसं ते ठरलं, आणि निघताना आत्याबाईंनी चष्मेवाल्यांची नाडी पुन्हा एकदा बघून त्यांना घरी जायची परवानगी दिली.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीशी टेकून झोपी गेली. बायकोने नवऱ्याच्या खांद्याशी नाक नेलं.

"साबण कुठला होता हो त्यांचा?"

"बघितला नाही."

"एवढी अंघोळ करून आलात आणि साबण नाही बघितला?" ती म्हणाली, आणि उतरायचा थांबा येईपर्यंत तिची त्याबद्दलची कुरकुर चालूच राहिली.