वर्षातले बारा दिवस

कपाटातून बोलतोय मी. आवाज दबका वाटला तर माफ करा. जाड पोलादी दारामागून बोलायचं म्हणजे घसा बसतोच.

मी एक पिस्तूल. लगेच दचकू नका! उभ्या आयुष्यात मी कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेलं नाही. पंचवीस मीटरवर काळ्या वर्तुळाचा कागद, आणि माझी पॉइंट टू टूची चिमुकली गोळी. एक सुटली की दुसरी आपोआप नळीत येते, म्हणून मला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. माणसं मग दुर्बिणीतून ते भोक बघतात आणि लहान मुलासारखी हसतात. एवढीच माझी कर्तबगारी.

माझा पहिला मालक टौरंगा गावचा, किवीफळांचा बागायतदार. त्याचा हात कापायला लागला तसा त्याने मला दुकानात देऊन टाकलं. तिथे काचेच्या सगळ्यात खालच्या फळीवर दोन वर्षं काढली. येणारा जाणारा वरची चकचकीत पिस्तुलं बघायचा, माझ्याकडे बघायला वाकावं लागायचं. कोण वाकतंय?

पुरुषोत्तमराव वाकले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले निवृत्त तपासनीस. बायको गेल्यावर मुलगी जुई त्यांना वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला घेऊन आली. इथे त्यांनी सहा महिने नेमबाजी क्लबाच्या पिस्तुलांवर हात बसवला, परवान्याचे सोपस्कार पार पाडले आणि मगच दुकानाची पायरी चढले.

"बाबा, ते वरचं घ्या ना, नवं कोरं आहे," जुई म्हणाली.

"नव्याला काय चाटायचंय? त्याची गोळी महाग. गोळी महाग असली की माणूस सराव करत नाही, नुसतं पुसत बसतो."

त्यांनी मला हातात घेतलं. मी रिकामा आहे ना, हे दोनदा तपासलं. मग समोरच्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माझी मागची खाच आणि पुढचा काटा बरोबर एका रेषेत! "हे हाताला बसतंय," ते म्हणाले. "चापही एकाच जागी सुटतो. शोकेसमध्ये थोडंच ठेवायचंय?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी पारख केली. मी त्या क्षणी त्यांचा झालो.

शोकेस नव्हतीच. त्यांच्या खोलीत जमिनीला बोल्ट मारलेलं पोलादी कपाट होतं. गोळ्या दुसऱ्या कुलपात. इथला कायदा कडक, आणि असावाच. मला बाहेर नेता येतं ते फक्त क्लबात, आणि वर्षातून निदान बारा दिवस तरी जावंच लागतं, नाहीतर परवाना जातो.

आता गंमत बघा. कायदा म्हणतो कमीत कमी बारा. घरात त्याचा अर्थ झाला जास्तीत जास्त बारा.

"बाबा, या महिन्याचं झालं ना? आता पुढच्या महिन्यात. आम्हालाही एकच रविवार मिळतो हो."

जुईचं चूक नव्हतं. ती आणि जावई समीर सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जायचे, ते अंधार पडल्यावर यायचे. पुरुषोत्तमरावांना इथली गाडी चालवता येत नव्हती, बसमध्ये इंग्रजीची धास्ती. दिवसभर घरात एकटे. हीटरची टिकटिक, कुकरची शिट्टी, आणि खिडकीतून समोरच्या ड्राइव्हवेतली मांजर. मी कपाटात, ते खोलीत. कधीकधी दारावर टकटक करून म्हणायचे, "काय रे, झोपलास? अजून अकरा दिवस आहेत रविवारला."

पण तो रविवार उजाडला की! क्लबातला ग्रॅहम लांबूनच हात करायचा, "किया ओरा, पुरू!" हा इथला रामराम, आणि माझ्या म्हाताऱ्याची पाठ ताठ व्हायची. तिथे ते कुणाचे म्हातारे वडील नव्हते, कुणाचं ओझं नव्हते. नवी पोरं त्यांच्याकडून श्वास कसा रोखायचा ते शिकायची. आम्हा दोघांचं सगळं जगणं त्या बारा दिवसांत होतं.

मग आली खंडेनवमी.

खडकीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी या दिवशी यंत्रांना हळदकुंकू वाहिलं होतं. ते कसे गप्प बसणार? पाटावर जुईचा लॅपटॉप, समीरचं ड्रिल मशीन, आणि मधोमध मी. झेंडू मिळेना, म्हणून कुंपणालगतच्या कोवाईच्या झाडाची पिवळी फुलं. समोर पेढ्यांची वाटी. त्यांनी माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले. खरं सांगतो, मला भरून आलं. हत्यार म्हणून सगळे घाबरतात, अवजार म्हणून नमस्कार कोण करतं?

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची विनया तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. पुरुषोत्तमराव दार उघडायला गेले. "या, या, चपला राहू द्या," करत तिथेच बोलत उभे राहिले. चार मिनिटं असतील.

ती पोर त्यांच्या पायांमधून आत आली. सरळ पाटापाशी. हात पेढ्याकडे जात होता हो, पण वाटेत मी होतो. तिचा तळवा माझ्या नळीवर टेकला. माझ्यात गोळी नव्हती, तरीही ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. समीर स्वयंपाकघरातून आला, त्याला ते दृश्य गोड वाटलं, त्याने फोटो काढला आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'आमची खंडेनवमी!' ढिगाने अंगठे आले.

एका अंगठ्यामागचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. आठवड्याभरात परवाना खात्याची बाई दारात. हातात तोच फोटो.

ती येण्याच्या आदल्या संध्याकाळी खात्याचा फोन आला होता, तेव्हा समीर म्हणाला होता, "बाबा, सांगा की मी शेजारीच बसलो होतो. फोटोत तुम्ही नाही, पण असू शकता ना!"

जुईने फोटो मोठा करून वडिलांपुढे धरला. पुरुषोत्तमराव त्या चिमुकल्या हाताकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या बाईने विचारलं. माझ्या म्हाताऱ्याने तुटक्या इंग्रजीत, पण स्पष्ट सांगितलं, "मी खोलीत नव्हतो. चार मिनिटं. चूक माझी."

बाई गेल्यावर समीर चिडला. "काय गरज होती?"

"पस्तीस वर्षं तपासणीच्या कागदावर खोटी सही केली नाही रे. आणि तिचा हात बघितलास ना तू?" एवढंच म्हणाले. मग कपाटापाशी येऊन बसले. पहिल्यांदाच टकटक केली नाही.

परवाना गेला. मी पुन्हा दुकानात, पण काचेत नाही, मागच्या कपाटात. माझ्या मागच्या खाचेत कुंकवाचा कण अजून अडकलाय. दुकानदाराला तो गंज वाटतो.

परवा ग्रॅहम गोळ्या घ्यायला आला होता. म्हणाला, पुरूला निरोप धाडला, क्लबात गुण मांडायला ये, नुसता चहाला ये. पण तो येतच नाही. लाज वाटते म्हणे. आणि आता बारा दिवसांची सक्ती नाही, म्हणजे गाडी काढायलाही कुणाला निमित्त नाही.

तेव्हा वाचणाऱ्या दादा-ताईंनो, एक विनंती आहे. मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. मी लोखंडाचा. मला अंधाराची सवय आहे, आणि कुलपातच मी बरा. पण तुमच्यापैकी कुणी लोअर हटला राहत असेल, तर येत्या रविवारी त्या घराची बेल वाजवा.

दार उघडायला तेच येतील. त्यांना बाहेर काढा.