ब्यूकचे नवे दात

आमच्या लग्नाचा मुहूर्त टळला तो ब्यूकमुळे, असं मी चोवीस वर्षं म्हणत होते. घरात दूध नासलं तरी मी त्या मुहूर्तावरच जायचे.

ही अडतीस सालची थोराड गाडी माझ्या सासऱ्यांनी घाटातल्या एका बंगलेवाल्याकडून घेतलेली. त्यानं चढणीसाठी मागच्या आसाला मुद्दाम तसे दात बसवून घेतलेले: इंजिनाकडून येणारा दांडा पाच वेळा फिरला की चाक एकदा फिरायचं. त्यामुळे ताकद हत्तीची आणि चालही हत्तीचीच. आमच्या लग्नात नवरदेवाला घेऊन ती इतकी रमतगमत आली की वऱ्हाडी चौकाचौकात नाचले, बँडवाल्यांनी मध्येच चहा घेतला, आणि मी हार धरून घामाघूम.

म्हणून अठ्ठ्याण्णव साली आमच्या भाग्यश्रीचं लग्न ठरलं, तेव्हा मी यांना बजावलं, "लेकीचा मुहूर्त टळता कामा नये. गाडी हीच पाठवायची असेल, तर आधी तिला पळायला शिकवा."

यांना तेच हवं होतं. मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत दरवर्षी हे पोचायचे तेव्हा बाकीच्यांचं जेवण उरकलेलं असायचं. लगेच नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या हबीब मिस्त्रीला बोलावणं गेलं. हबीबभाई मुळातच नाटकी माणूस.

"भाभी, भंगारात काय दातांची जोडी गावलीये! आता दांडा साडेतीन फेरे मारणार न् चाक एक. इंजिन तेवढंच फिरणार, गाडी लय पुढं जाणार."

"आणि तोटा?"

"जोर थोडा कमी. आणि हळू चालायचं म्हणाल तर नाव नाय घेणार."

"हळू चालायचंय कोणाला?" मी म्हटलं.

लग्नाच्या दिवशी पंचवटीतल्या जानवशावरून वरात निघाली. स्टेअरिंगवर हबीबभाई. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललेला असतानाही गाडी बँडच्या पाठीला लागायची. क्लच दाबून धरावा तर जळका वास. शेवटी हबीबभाई ओरडू लागले, "बँडवाले, चलो, चलो!" ट्रम्पेटवाला आधी भरभर चालला, मग चक्क पळायला लागला. नाचायला आलेले मामालोक पुलावरच मागे पडले. येवल्याचे आमचे होणारे जावई गाडीत एका हातानं फेटा धरून बसले होते.

नाशकात आजवर कुठला नवरदेव वेळेआधी आलाय? गंगापूर रोडच्या कार्यालयात दाराशी कुत्रंसुद्धा नव्हतं. गुरुजी चहात खारी बुडवत होते आणि मी नथ शोधत होते. ओवाळायला धावले ती निरांजन न लावताच. पण मुहूर्तावर अक्षता पडल्या! मी यांच्याकडे असं पाहिलं, की जणू चोवीस वर्षांचा खटला जिंकला.

संध्याकाळी पाठवणी. भाग्यश्री गाडीत बसली आणि मला एकदम माझी पाठवणी आठवली. हीच गाडी होती. माझी आई खिडकीतून माझा हात धरून कोपऱ्यापर्यंत शेजारून चालत आली होती. सासूबाईंशी कसं बोलायचं, रडू आलं तर कुठे जाऊन रडायचं, सगळं तिनं मला त्या वाटेत सांगितलं. गाडी हळू होती म्हणून तिला चालता आलं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

मी खिडकीतून लेकीचा हात धरला. "हे बघ भाग्यश्री, तिथे गेल्यावर..."

हबीबभाईंनी क्लच सोडला. पैठणी सावरत मी चार पावलं पळाले, पण हात सुटलाच. बघता बघता गाडी कोपऱ्यावरून वळली. सांगायचं सगळं माझ्या तोंडातच राहिलं, आणि मी भर रस्त्यात मोठ्यानं रडले.

हे शेजारी येऊन उभे राहिले. गाडी कशी सुसाट गेली ते सांगायला लागले होते, पण माझ्याकडे बघून खिशातला रुमाल पुढे केला.

"अहो, जुने दात ठेवलेत ना?"

"आहेत की. का गं?"

"दिवाळसणाला तिला आणायला जाल, तेव्हा हेच राहू द्या," मी डोळे पुसत म्हटलं. "पोचवायला निघण्याआधी मात्र जुने बसवा."