पट्टी धरणारा

भटूनं ते मशीन घेतलं ते एका वाक्यावर भाळून. धुळ्याच्या आग्रा रोडवरचा हार्डवेअरवाला रतिलाल म्हणाला होता, "स्वस्तातलं आहे, पण लाकूड, प्लायवूड, अॅल्युमिनियम, सगळं हव्या त्या कोनात कापतं. पट्टी पकडायला शिकंजाही आहे. धरणारा माणूस लागत नाही."

धरणारा माणूस! तोच तर सहा वर्षं नव्हता. एसटीच्या वर्कशॉपात नोकरी करणाऱ्या भटूला सुतारकामाचा नाद लहानपणापासूनचा. थोरला भाऊ वना लाकूड गुडघ्याखाली दाबून धरायचा, भटू करवत चालवायचा. मग भटूच्या पोरीच्या लग्नात घोळ झाला. झाडून साऱ्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपी दिली आणि सख्ख्या भावाला द्यायची राहून गेली. घरचाच माणूस, म्हणून यादीत नावच नव्हतं. वना भर मांडवातून न जेवता उठला आणि नशिराबादला निघून गेला. तेव्हापासून श्रावणातल्या रविवारी बसवायची कुळाची देवी, कानबाई, दोन घरांत बसू लागली. प्रत्येक सणाला भटूचे डोळे रस्त्याकडे लागायचे, पण चूक कबूल करायला जीभ रेटायची नाही. असा हा माणूस!

यंदा कानबाईच्या चौरंगामागे उभी करायला त्यानं सागाची चौकट करायला घेतली. अंगणात मशीन मांडलं, काटा पंचेचाळीसवर लावला, पातं घर्रकन खाली ओढलं. तीन कोपरे झकास जुळले. चौथ्यात करंगळी जाईल एवढी फट. पुन्हा कापलं, पुन्हा फट. शिकंजा ढिला, ऐन वेळी पट्टी सरकायची. भटूनं मशीनला चार शिव्या हासडल्या आणि मग त्याला वनाचा गुडघा आठवला.

ओसरीवर त्याची बायको कमलबाई कानबाईच्या प्रसादाच्या रोटांचे गहू मोजत होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. भटूचे झाले, मुलाचे झाले, तरी तिचा हात थांबेना.

"आते कोणना?" भटूनं विचारलं.

"नशिराबादना. वनाभाऊ आनि दोन्ही पोरे."

"त्या येवाव नहीत. मंग कोण खाई? रोट बाहेरनाले देता येत नही."

"तेच सांगी राहिनू ना," कमलबाई म्हणाली आणि तिनं पुढची मूठ भरली.

दुसऱ्या दिवशी भटू चारही पट्ट्या बांधून, पिशवीत नवी टॉवेल-टोपी घालून नशिराबादला उतरला. वना दारात बाजेवर बसला होता. केस पार पिकले होते. भटूला वाटलं, जाऊन पाय धरावेत. त्याऐवजी त्यानं पट्ट्या पुढे केल्या.

"भाऊ, जुडत नही."

वनानं एकेका पट्टीचं टोक अंगठ्यानं चाचपलं. चौथ्या पट्टीवर अंगठा थांबला. "ही सरकनी. कोणी धरेल व्हती?"

"मशीननी."

भटूनं पिशवीतून टोपी काढली. वनानं ती घेतली नाही.

"ठेव पिशवीमा. चार लोकसमोर देवानी राहिनी व्हती, चार लोकसमोरच दे. रविवारले, तुन्या कानबाईपुढे." मग खाली बघतच त्यानं विचारलं, "गहू मोजायनात?"

"तुम्हना घरना बी मोजात."

वनानं उपरण्यानं डोळे पुसले. बाजेवरून उतरून खाली बसत त्यानं चौथी पट्टी गुडघ्याखाली घट्ट दाबली.

"खुटीवरनी करवत काढ," तो म्हणाला. "मी धरस."