पूर्ण पिशवी

"तोंड उघड," सिस्टर अगुती म्हणाली. ओकिरोरनं आ केला, तसं तिनं नाक मुरडलं. "हाही गेला. अरे, तुमच्या गावात एक तरी माणूस न प्यायलेला आहे का?"

ओकिरोर आत पडलेल्या बाळंतिणीचा, असेकेन्येचा सख्खा भाऊ, रेड्यासारखा दणकट. त्याच्यामागे उभ्या असलेल्या पाचही जणांच्या तोंडाला अजोनचा वास येत होता. त्यांचा तरी काय दोष? पहाटे असेकेन्येला मुलगी झाली. लेकरू जन्मलं की अंगणात नाचणीच्या दारूचा, अजोनचा माठ मांडायचा नाही तर काय करायचं? तिच्या नवऱ्यानं, एमोरुतनंच मांडला होता. माठातून ओढायच्या लांब नळ्या त्यानंच पुसून एकेकाच्या हातात दिल्या होत्या. "ओढा रे, लाजता कसले," असंही तोच म्हणाला होता. दुपारी बायकोचं रक्त थांबेना म्हणून तिला इस्पितळात आणलं, तर इथला रक्ताचा फ्रीज रिकामा. रक्त देणारी सगळी शाळेतली पोरं, आणि शाळांना सुट्टी लागलेली. मोठ्या गावाला गाडी पाठवली होती. ती कधी येईल ते कुणालाच सांगता येईना.

"माझं घ्या," एमोरुत म्हणाला. पाहुण्यांची सरबराई करण्याच्या नादात त्याच्या पोटात थेंबही गेला नव्हता. "गट जुळतो, तुम्हीच म्हणालात."

"काट्यावर उभा राहा बघू."

काटा पन्नासच्या अलीकडेच अडला. "पन्नास किलो तरी भरायला हवं. नाही जमायचं, बाबा. तूच आडवा होशील."

एमोरुत बाहेर गेला. तो सायकली दुरुस्त करायचा. हत्यारांची पिशवी दारातल्या सायकलला लटकलेली होती. परत आला तेव्हा त्याची पँट खाली ओढली जात होती. "मघाशी नीट उभा नव्हतो," तो म्हणाला.

काटा पन्नासच्या पुढे गेला. सिस्टरनं त्याच्या फुगलेल्या खिशांकडे पाहिलं. तेवढ्यात आतून बाळंतिणीजवळच्या नर्सनं हाक मारली, "अगुती, मिळालं का गं?" सिस्टरनं मान खाली घातली आणि सुई उचलली.

रक्त आधी चांगलं वाहिलं, मग रेंगाळलं. एमोरुतला छतावरचा पंखा दूर गेल्यासारखा वाटला. जाग आली तेव्हा पाय उशीवर होते आणि खिशांत भरलेले सगळे लोखंडी पाने जमिनीवर सांडले होते.

"झाली का पिशवी?"

"निम्मीसुद्धा नाही रे."

"असू दे. तेवढीच लावा."

"लावता येत नाही." सिस्टरनं पिशवी उचलली. "रक्त गोठू नये म्हणून पिशवीत आधीच औषध असतं, पूर्ण साडेचारशे मिलीच्या हिशेबानं. भांडंभर भाजीचं मीठ वाटीभर भाजीत पडल्यासारखं होतं."

"मग दुसऱ्या हातातून घ्या."

"तुझ्यात आहेच किती?"

तिनं पिशवी झाकणाच्या बादलीत टाकली. एमोरुतला स्वतःच्या हाडकुळ्या देहाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता.

रक्त देणाऱ्याला मिळते ती रंगीत सोड्याची बाटली त्याच्या हातात दिली होती. ती घेऊन तो भिंत धरत असेकेन्येजवळ गेला. तिनं त्याला पाहिलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसली.

"केवढं तोंड उतरलंय. बाळंतीण मी आहे का तू?"

"सोडा पी."

"गोड आहे," ती म्हणाली. दुसरा घोट तिच्या हनुवटीवरून ओघळला.

गाडी आली तेव्हा सूर्य मावळत होता. असेकेन्येच्या तोंडावर चादर ओढून झाली होती.

सकाळी एमोरुत तिला न्यायला आला, तर दारात ओकिरोर आणि ते पाचजण बाह्या वर करून ओळीनं उभे.  सिस्टर अगुतीनं एकेकाचं तोंड हुंगलं; आज वास नव्हता. तिनं पहिल्याचा, ओकिरोरचा दंड बांधला.

ओकिरोर आढ्याकडे बघत रडत होता. "दाजी," तो म्हणाला, "काल मी एक दिवस तोंड आवरलं असतं तर."

"मीच ओढ म्हणालो ना तुला," एमोरुत म्हणाला.

पिशवी बघता बघता भरली. एमोरुतनं हात पुढे केला. सिस्टर जरा थांबली, मग तिनं ती त्याच्या तळव्यावर ठेवली. ऊन होती. त्यानं तोलून पाहिली. काल खिशात घातलेला मोठा पाना याहून जड होता.

"एवढीच असते?"

"एवढीच."

त्यानं ती दोन्ही हातांनी परत दिली. शेजारच्या खोलीत रात्री आणलेली एक बाई कण्हत होती. सिस्टरनं पिशवीवर तिचं नाव लिहिलं.

एमोरुतनं दुसऱ्या माणसाला खुर्चीकडे जायला वाट करून दिली.